कप टेबलावरच राहू दे

शालिक, तुला हॉटेलच्या खाण्यानं मारलं, असं काल सकाळी आपल्या वॉर्डात ठरलं.

ठरवलं दौलतकाकांनी. विहाराच्या पायरीवर बसून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, समितीचे अध्यक्ष बोलतात तसं ते बोलले. "कलकत्त्याले खाल्लं, मुंबईले खाल्लं, जेथं गेला तेथं हॉटेलात खाल्लं. कावीळ नाई होनार त का होईन?" भोवतीच्या माना हलल्या. ज्यांनी गोंदियाच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही, अशी आणखी माणसं त्याच महिन्यात आपल्या विहिरीचं पाणी पिऊन पिवळी पडली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी ते बोललो. नेहमीसारखं जरा मोठ्यानं बोललो, म्हणून नेहमीसारखं कोणी ऐकलं नाही.

मग काका माझ्याकडे वळले. रविवारी तुझी शोकसभा आहे. तिचं पत्रक मी काढायचं आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ टाकायची: तरुणांनी बाहेरचं खाऊ नये. "तू पर्चेवाला," काका म्हणाले. "तुले बराबर जमते."

पर्चेवाला हे नाव तूच पाडलंस. चार माणसांत तू मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाहीस. आता ते नाव साऱ्या वॉर्डाच्या तोंडी आहे आणि पाडणारा नाही.

काल संध्याकाळी मालक गेल्यावर मी छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीसमोर उभा राहिलो. कोर्टाचे फॉर्म, लग्नाच्या पत्रिका, आपल्या चळवळीची इतकी पत्रकं ज्या हातांनी जुळवली, ते हात पेटीवर नुसते फिरत राहिले. काकांची ओळ मी जुळवणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिच्या जागी कोणती टाकायची, हे ठाऊक नव्हतं. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला घेतलं की मधे एक गोष्ट आडवी येते. ती आधी बोलून टाकतो. शोकसभेत तिला जागा नसते.

मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. तुला न्यायला निघालो तेव्हा माणसं रस्त्याच्या वळणापर्यंत होती, आणि मी मनात म्हणालो, मी मेलो तर एवढी येतील का. खांद्यावर तू होतास आणि डोक्यात हे होतं.

आपण दोघं एकाच गठ्ठ्यावर वाढलो. आपले बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा आपण चौथीत होतो. माझ्या बाबांनी येताना पत्रकांचा गठ्ठा आणला होता, जुन्या धोतरात बांधून. घरातले देव वैनगंगेत गेले आणि रिकाम्या कोनाड्यात तो गठ्ठा आला. दुसरी मुलं गोष्टींची पुस्तकं वाचतात, मी ती पत्रकं वाचली, पाठ होईपर्यंत. तूही तीच वाचलीस. पण तू ती चालीवर वाचायचास. ज्या ओळीत मला सिद्धांत दिसायचा, त्या ओळीत तुला ढोलकीचा ठेका ऐकू यायचा.

पुढेही तेच झालं. गाणी मी लिहिली, गायलास तू. आपली विदर्भाकडची माणसं रेल्वेत नोकरीला लागून जिथं जिथं गेली, तिथून तिथून तुझ्या गायन पार्टीला बोलावणं यायचं. खड्गपूर, टाटानगर, भिलाई, मुंबई, कलकत्ता. मी इथंच. छापखान्याचा मालक सुट्टी द्यायचा नाही, हे कारण खरं होतं. मला कोणी बोलावलेलं नव्हतं, हे त्याहून खरं होतं. गाणं ऐकून माणसं रडतात, गाणाऱ्याचे हात हातात घेतात. शब्द कोणाचे, हे कोणी विचारत नाही.

तू परत यायचास ती छोटी गाडी स्टेशनात शिरण्याआधीच वॉर्डाला खबर असायची. तू आंघोळ करून बाहेर येईपर्यंत अंगणात बायामाणसं जमलेली. कार्यक्रम कसा झाला, हे कोणी विचारायचं नाही. तुझी माय ओट्यावर बैठक मारून म्हणायची, "हं, सांग आता. का खाल्लं?"

आणि तू काटकी घेऊन मातीत एक मोठा गोल काढायचास. हे टेबल. संगमरवराचं, हात ठेवला की गार. इथं कप, बशीसकट. इथं पाण्याचा गिलास, मागायच्या आधीच आलेला. मुंबईच्या इराण्याकडचा ब्रुन पाव, वरून कडक, आतून मऊ, चहात बुडवला की मस्क्याचे पिवळे ठिपके वर तरंगतात. मद्रासी हॉटेलातली इडली, बिनदाताच्या माणसानं मागायला लाजू नये इतकी नरम. जबलपूरची खव्याची जिलेबी काळी असते आणि तरी साऱ्यांत गोड असते, हे सांगताना तू अंगणातल्या सगळ्यांच्या हातांकडे बोट दाखवायचास. कलकत्त्याला टोस्टवर साखर घालतात आणि साखरेवर मिरपूड. यावर बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. खोटं बोलून राह्यला, म्हणायच्या.

माय शेवटी एकच विचारायची. दर वेळी तेच. "अन् जात इचारली का कोनी?"

"नाई वो माय. एवढंच इचारलं, मस्का जास्त का कमी."

अंगण हसायचं, पण हसू लवकर थांबायचं. म्हाताऱ्या घरी जाताना एकमेकींना म्हणत जायच्या, जास्त का कमी, जास्त का कमी.

मी निंबाच्या बुंध्याला टेकून उभा असायचो, हातात ताजं पत्रक घेऊन. माझ्या पत्रकात भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न होता, पोरांच्या शिष्यवृत्तीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यात फुटाणे बांधलेले दिसायचे. तुझं टेबल मातीत काढलेलं, सकाळच्या झाडूनं पुसून जाणारं, आणि ते मात्र वॉर्डाच्या तोंडपाठ. मी काही विचारत नसे. ऐकायचो सगळं. मग लोक पांगले की तुला गाठायचो आणि म्हणायचो, हे चोचले आहेत. तुला वाटतं नाश्ता झाला की क्रांती झाली.

तू म्हणायचास, "पोट त घरीबी भरते बे. मी तेथं पोट भराले नाई जात. खुर्चीवर बसाले जातो."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तो साखर-मिरपुडीचा टोस्ट मी घरी करून पाहिला. आई धानाच्या रोवणीला गेलेली असताना, पाव आणून, चुलीच्या निखाऱ्यावर. पाव करपला, मिरपूड नाकात गेली, आणि आई परत आली तेव्हा मी डोळे पुसत शिंकत होतो. ती म्हणाली, साखरेवर मिरे कोन टाकते? मी म्हणालो, कलकत्त्याला टाकतात. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कवा गेल्ता?"

आता आपल्या गावच्या हॉटेलाकडे येतो. आपलं खरं भांडण तिथलं.

बसस्टँडजवळचं, सेठचं. कोर्टात तारखेला आलेली, धानाच्या बाजाराला आलेली सगळी माणसं तिथंच टेकतात. पूर्वी आपल्या लोकांचे कप बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळे असत. कायदा आला तसे सेठनं ते आत घेतले. बाकावर बसायलाही तो नको म्हणेना. फक्त चहा संपला की गल्ल्यावरून आवाज यायचा, नल पे धो देना भैया. अगदी गोड. बाकीच्यांना नाही, आपल्यालाच. लहान गावात कोण कोणाचा, हे कपाळावर लिहावं लागत नाही. आणि आपण धुवायचो. बोटानं आतून एक फेरा, बाहेरून एक, मग पालथा. आपल्या बापांनी धुतले, आपण धुतले. हाताला ते इतकं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरज नव्हती.

त्यावर मी पत्रक काढलं. 'उष्टा कप धुणार नाही.' पानभर, दोन्ही बाजूंनी. शेवटी आवाहन होतं, की हा प्रकार बंद होईपर्यंत त्या हॉटेलाची पायरी चढू नका. आणि वॉर्डानं ऐकलं. माझं पत्रक पहिल्यांदाच फुटाण्यांना गेलं नाही. एकही तरुण त्या पायरीवर फिरकला नाही. मी जिंकलो होतो. तू ते उभ्यानं वाचलंस, नीट घडी घालून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "सेठचं का गेलं बे याच्यात? आपलाच चहा गेला."

मी म्हणालो, स्वाभिमान राहिला.

"राह्यला. घरी बसून राह्यला."

मी तुला पळपुटा म्हणालो. जिथं कोणी ओळखत नाही तिथं खुर्चीवर बसणं सोपं आहे, जिथं ओळखतात तिथं बसून दाखव. तू माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलंस. "तूच बसू देईना, अन् तूच म्हनते बस." मी विषय बदलला.

मग कलकत्ता. पार्टीतल्या झांजवाल्याचं लग्न निघालं, एक जागा रिकामी झाली, आणि नेमकं छापखान्याचं मशीन बिघडून बंद होतं. तू मला झांजा वाजवायला घेतलंस. मला ताल नाही, हे तुला माहीत होतं. छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मेल. कार्यक्रम रेल्वेच्या वसाहतीत झाला. माझी गाणी मी परक्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली. हार तुझ्या गळ्यात पडला. मी झांजा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत माझा हेवा कोणाला ऐकू आला नाही.

सकाळी तू मला हलवून उठवलंस. "चाल. आता माह्या गावाले नेतो तुले."

वाटेत रस्त्याकडेला माणसं मातीच्या कुल्हडांतून चहा पिऊन ते खाली फोडत होती. मी थबकलो. आपल्याकडे मातीचं भांडं कोणापुढे ठेवतात, ते मला माहीत होतं. तुला माझं थबकणं कळलं. "पाह्य, सगळ्यांलेच मातीचं," तू म्हणालास. "वकिलाले बी, हमालाले बी. मंग माती कोनाले टोचन?"

आणि ते हॉटेल. काचेचं दार, वर पंखा, गोल टेबलं, तू अंगणात काढायचास तशीच. तू बसलास ते मला अजून दिसतं. एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर, पाय लांब केलेले, मान जराशी कललेली, जणू टेबलाला तुझी ओळख होती. मी समोर टोकावर बसलो, तारखेला आलेल्या पक्षकारासारखा. वेटर वयस्कर होता, खांद्यावर पांढरा पंचा. ऑम्लेट आलं, कडा कुरकुरीत, आत हिरवी मिरची. टोस्ट आला, साखर आणि मिरपूड. शिंक आली नाही. इतकं चांगलं लागलं की मला राग आला. हे तू इतकी वर्षं खात होतास.

रागाच्या भरात मी बोलायला लागलो. हे कप कोण उचलतं, कोण विसळतं, त्याच्या श्रमावर तुझी खुर्ची उभी आहे. तू टोस्ट चावत ऐकत होतास. माझा चहा संपला. पुढे काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही आणि तूही नाहीस.

बोलता बोलता मी उठलो. कप आणि बशी हातात घेतली. मागच्या भिंतीला हात धुवायचं बेसिन होतं, तिथं गेलो आणि कप धुतला. आतून एक फेरा, बाहेरून एक, पालथा. 'उष्टा कप धुणार नाही' लिहिणारा मी. कप पालथा पडल्यावर माझं मला कळलं.

वेटर मागे उभा होता. "ये क्या करता है, बाबू?" रागानं नाही, गडबडून. आपल्या हातून काही चुकलं की काय, असं त्याला वाटलं असावं. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. माझ्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. डोक्यात पानभर मजकूर होता, दोन्ही बाजूंनी, आणि तोंडातून शब्द निघेना.

तुझा चहा अर्धा शिल्लक होता. तो तू उभ्यानंच घशात ओतलास, माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास, तुझा कप धुतलास, अगदी तसाच, आणि माझ्या कपाला लागून पालथा घातलास. मग हात झटकून म्हणालास, "हमारे यहाँ का रिवाज है, दादा. मेहमान अपना कप खुद धोता है."

वेटरचा चेहरा खुलला. कुठलं गाव, त्यानं विचारलं. बालाघाट, तू सांगितलंस, छाती पुढे काढून. त्यानं ते गल्ल्यावरच्या माणसाला बंगालीत सांगितलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा वर करून आपल्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, जणू बालाघाट म्हणजे मोठ्या रीतभातीच्या माणसांचा मुलूख. आपण निघालो तेव्हा वेटरनं दार धरलं.

परतीच्या गाडीत मी तुझ्यावर तुटून पडलो. तू खोटं बोललास. आपल्या बापांच्या अपमानाला तू पाहुणचाराचा सदरा घातलास. आमच्या गावात आमच्याकडून कप धुऊन घेतात, हाताला ती सवय आहे, हे तिथं सांगायला हवं होतं. त्या म्हाताऱ्याला कळायला हवं होतं. तू खिडकीबाहेर धानाची बांधी पाहत होतास.

"त्याच्या डोळ्यांत तू चांगला मानूस होता बे," तू म्हणालास. "मी तेवढंच राहू देल्लं."

"खोट्याच्या आधारावर?"

"मंग तू काहून नाई बोलला खरं? तोंड त तुह्यंबी होतं."

ते भांडण तिथंच अडकून राहिलं. तू चुकलास, असं मला अजूनही वाटतं. खरं ते खरं, आणि ते सांगायलाच हवं, हे मी त्या गठ्ठ्यातून शिकलो आणि ते सोडणार नाही. पण मी भडकलो होतो ते त्यासाठी नाही. शब्द हे माझं काम. गाणी मी लिहायची, पत्रकं मी लिहायची. आणि ज्या क्षणी एका वाक्याची गरज होती, तेव्हा ते तुला सुचलं. मला माझा हात पुसायलाही सुचलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ऑम्लेटचा हेवा मला कधीच नव्हता, निदान फार नव्हता. तू कप टेबलावर सोडून उठू शकत होतास. बोलत बोलत, मागे वळून न पाहता, सोडून. माझ्यासारखीच सवय तुझ्याही हाताला होती, एकाच नळावर लागलेली, पण तुझ्या हातानं ती टाकून दिली होती. कोणत्या गावी टाकलीस, कोणत्या टेबलावर, ते तू कधी सांगितलं नाहीस. मला त्या हाताचा हेवा वाटायचा. आणि त्या दिवशी तोच हात तू माझ्यासाठी पुन्हा नळाखाली धरलास.

परत आल्यावर अंगण भरलं. तू गोल काढलास, कप काढला, टोस्ट वाढलास. मी निंबापाशी उभा राहिलो नाही, पुढे बसलो, आता मीही तिथला होतो म्हणून. मायनं विचारलं, "अन् यानं का केलं तेथं?" तू काटकीनं माझी खुर्ची काढलीस, सावकाश, तिला हातही काढलेस.

"यानं? यानं वेटरले भाषण देल्लं. ऑम्लेट थंडं झालं, पन भाषण गरम होतं."

सगळे हसले. मी रागावल्यासारखं केलं. त्या हसण्याखाली तू माझा कप झाकून टाकलास आणि पुन्हा कधी उघडला नाहीस, भांडण टोकाला गेलं तेव्हाही नाही. मी आभार मानले नाहीत. कसे मानणार, आपलं भांडण चालू होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. घास जात नव्हता आणि तू खाण्याचंच बोलायचास. "एक गोष्ट पाह्य," तू म्हणालास. "कलकत्त्याचा टोस्ट मले मालूम हाय. मुंबईचा मस्का मालूम हाय. अन् आपल्या गावच्या सेठचा आलुबोंडा कसा लागते, थे नाई मालूम." चहा प्यायचो तेव्हा आलुबोंडा आपल्याला परवडत नव्हता. परवडायला लागला तेव्हा माझं पत्रक आडवं आलं होतं. मी म्हणालो, तू बरा हो, मी नवं पत्रक काढतो, बहिष्कार कोणत्या भूमिकेवरून मागे घ्यायचा ते मांडतो. तू हसलास, कुशीला दुखत असताना. "पर्चा नोको काढू," तू म्हणालास. "फकत चाल."

मी म्हणालो, पाहू.

आज सकाळी मी गेलो, शालिक. पत्रक न काढता. आता काटकी मला दे आणि तू ऐक.

हे टेबल. संगमरवर नाही, फळीवर पत्रा ठोकलेला, हात ठेवला की चिकटतो. खुर्ची नाही, बाक. इथं आलुबोंडा, पळसाच्या पानावर. बेसनाचं आवरण जाड, आत धणे जास्त आणि मीठ कमी. हिरवी चटणी मात्र चांगली, जिभेला लागल्यावर थोड्या वेळानं कळणारी. गरम होता. एकूण तुझं खायचं फार काही राहून गेलं नाही, पण राहिलं ते तू खायला हवं होतंस. चहा कपात, कान शाबूत, बशी दुसऱ्याच कपाची.

चहा संपला आणि हात कपाकडे गेलाच. मी तो ओढून मांडीखाली दाबला. गल्ल्यावरून आवाज आला, तोच, तसाच गोड. "कप नल पे धो देना, भैया." शेजारच्या बाकावर कोर्टात आलेली माणसं पोहे खात होती, त्यांचे चमचे थांबले. माझ्या डोक्यात पानभर मजकूर उभा राहिला, कायदा, कलम, बाप, आजा. मी उठलो. मजकूर तिथंच राहिला आणि तोंडातून दुसरंच आलं.

"हमारे यहाँ का रिवाज है, सेठ. मेहमान कप टेबल पे छोड़ता है."

सेठनं मान वर केली. "कहाँ का रिवाज?"

"बालाघाट का."

पोहे खाणाऱ्यांतलं कोणीतरी हसलं. सेठला हसलं की मला, ते कळलं नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. तू उभा राहिला नसतास, हे मला माहीत आहे. मी राहिलो आणि पाहिलं. सेठ गल्ल्यावरून उठला, दोन बोटांनी कप उचलला, बाहेर आला आणि त्या जुन्या कोनाड्यात ठेवून आत गेला.

म्हणजे मी जिंकलो नाही. कोनाडा अजून आहे. पण तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तुला आवडली असती अशी. सेठकडे कप काही ढिगानं नाहीत. एक माणूस नाश्ता करून उठला की एक कप कोनाड्यात जातो. सगळा वॉर्ड नाश्त्याला गेला तर कोनाडा भरेल, आणि मग वकिलांना चहा तो कशात देईल?

तिथून तुमच्या घरी गेलो. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती, दौलतकाका समोर बसले होते. मी रविवारचं सांगितलं. शोकसभा नको, सगळे मिळून सेठच्या हॉटेलात जाऊ. काका चिडले. पोरगं हॉटेलापायी गेलं अन् हा सारा वॉर्डच हॉटेलात नेते, म्हणाले.

मायनं सुपावरून मान वर केली नाही. "माह्यं पोरगं पान्यानं मेलं, दौलतभाऊ," ती म्हणाली. "हॉटेलात त थो सुखी होता." मी हेच मोठ्यानं बोललो होतो तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. तिनं हळू सांगितलं आणि काकांनी ऐकलं. तिचाही हेवा वाटला, सांगून ठेवतो.

थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, सेठ मस्का देते का? मी म्हणालो, माहीत नाही, विचारलं नाही.

"मंग इचार. मी बी येतो रविवारी. मले जास्त पाह्यजे."

आता दुपार आहे. मालक जेवायला गेला आहे. आमच्या छापखान्यात बहुतेक काम हिंदीचं, त्यामुळे 'ळ'चे खिळे मोजके. एक सापडला आणि तेवढाच लागणार होता. पत्रक तयार आहे. त्यात भूमिका नाही, मागण्या नाहीत, तुझ्या जन्माचं गावही नाही. एवढंच आहे:

रविवारी सकाळी शालिकच्या नावानं सेठच्या हॉटेलात नाश्ता. कप टेबलावरच राहू द्या.

माझी पत्रकं लांब असतात, हे तू मला जन्मभर ऐकवलंस. हे बघ. शाई अजून ओली आहे. इतकं आखूड तुलाही सुचलं नसतं.

आता तू कर हेवा, शालिक.